राखेच्या डब्यातली माती

बालाघाट
२ डिसेंबर २०२४

प्रिय अंजू,
सप्रेम जय भीम.

दिवाळीच्या सुट्टीत तू हॉस्टेलातून पहिल्यांदा आमच्या गावी आलीस, ती दुपार आठवते का? आपण वरच्या बेटात बांबूच्या वाळक्या कांड्या कानाशी धरून हलवत बसलो होतो. सुखरामदादा कांड्या तोडून आणून टाकत होता. बहुतेक मुक्याच निघायच्या. एखादी मात्र खुळखुळ्यासारखी वाजायची, की आपण ओरडत आईकडे पळायचो. आई ती विळ्याने फोडायची आणि आतून निळसर पांढरा खडा निघायचा. वंशलोचन. आई ते खोकल्यावर मधातून चाटवायची. तू न विचारता खडा तोंडात टाकलास आणि म्हणालीस, "ही तर पाटीवरची पेन्सिल!" दादा हसून हसून धुऱ्याच्या बांधावरून खाली पडला. कांड्या आणून देणाऱ्या त्या पोराशीच पुढे तुझं लग्न होईल आणि तू माझी वहिनी होशील, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात तरी होतं का?

तुझं पत्र मिळालं म्हणून हे सारं आठवलं. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तू सूनबाईकडून लिहवून घेतलंस ना? पौर्णिमाचं अक्षर सुरेख आहे. तारीख टाकायला मात्र विसरली. हॉस्टेलच्या सिस्टर बेनेडिक्टांनी तिला बाकावर उभं केलं असतं.

वरचं बेट फुलल्याचं वाचून मी कितीतरी वेळ पत्र हातात घेऊन बसले. आपल्या हयातीत ते कधी फुललं नव्हतं. फुललं म्हणजे आता वाळणार, हेही खरं. महेंद्र ते उपटून तिथे निलगिरी लावू म्हणतो, आणि त्यातलं अर्धं माझ्या नावावर असल्याने माझी मर्जी विचारली आहेस. फोनवर बोलले असते, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि उत्तर अर्धं घर देतं.

अंजू, मी गाव सोडून शहरात राहिलेली बाई. शेत महेंद्र कसतो. हक्काच्या कागदावर बोट ठेवून भाच्याला अडवणारी आत्या मला व्हायचं नाही. संमती सही करून सोबत पाठवते आहे. पाकीट बंद केल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. दोनदा उघडलं, दोनदा चिकटवलं. पण पाठवते.

तुझी
रचना


कटंगीजवळून, आपल्या घरून
९ डिसेंबर २०२४

रचना,

हे माझं स्वतःचं अक्षर. डोळ्याला अजून पाणी येतं, ओळी वरखाली जातात. लावून घे.

काहून केली तू सही?

पौर्णिमा तारीख विसरली नव्हती. मीच तिला म्हटलं, टाकू नको. हॉस्टेलात सिस्टर आपली पत्रं वाचल्याशिवाय पाकिटात घालू द्यायच्या नाहीत, तेव्हा आपण काय ठरवलं होतं? मनाविरुद्ध लिहावं लागलं तर तारीख टाकायची नाही. तू आईलाही ते सांगून ठेवलं होतंस. "इथे जेवण उत्तम आहे" असं बिनतारखेचं पत्र गेलं, आणि सुखराम लाडवांचा डबा घेऊन फाटकाशी हजर. ते लाडू मीही खाल्ले आहेत. आणि तू विसरलीस!

पत्र सांगत होते तेव्हा महेंद्र खाटेवर शेजारीच बसला होता. त्याच्या तोंडावर "नाही" म्हणणं मला होत नाही. सुखराम गेल्यापासून सगळं तोच ओढतो. मी विरोध केला तर तो ओरडत नाही, ओरडला असता तर बरं. तो गप्प होतो आणि ताट सरकवून उठतो. म्हणून मला वाटलं, नकार आत्याकडून यावा. आत्यासमोर तो दबतो.

आमचं बोलणं ऐक.

"आई, बांस फुलला म्हणजे अकाल येते, दुष्काळ पडते, सारं गाव सांगून राह्यलं."

"आपल्या घरात कवापासून हे मानाले लागले?"

"मी नाही मानत. पण जेसीबीवाला मानते. म्हणून तो लवकर येतो म्हणाला."

मी म्हणते, बेट मरू दे, पण आधी त्याला पिकू दे. लोंब्या धरल्या आहेत. उन्हाळ्यात बी गळेल, पावसात उगवेल. मशीन फिरली तर बी पण गेलं.

दुसरी गोष्ट त्याला पटवता येत नाही, कारण मलाच ती नीट सांगता येत नाही. खालच्या बांधीच्या खाचरातला धान याही वर्षी लोळला. युरिया दिला, हिरवागार झाला, आणि लोंबी भरल्यावर आडवा. कापणीची मशीन आली तर ड्रायव्हर म्हणतो, "भाऊ, हा धान तर झोपला. याले उठवून ठेवा, मंग बोलवा." महेंद्र तिथूनच निघून गेला, दिवसभर घरी आला नाही. वरच्या बांधीत, बेटाखाली, तेच बियाणं आणि धान उभा. महेंद्र म्हणतो, नशीब.

खालचं बेट होतं तोवर खालचा धानही उभा राहायचा, मला चांगलं आठवतं. ते सुखरामनेच काढलं आणि निलगिरी लावली. आणि एक गोष्ट. पूर्वी निंदायला गेलं की धानाच्या पातीने पोटऱ्यांवर ओरखडे उठायचे. हॉस्टेलच्या फ्रॉकात तू तर रडली होतीस. आता खालच्या बांधीत पाती हातावरून ओढली तरी काही होत नाही. पालकाच्या पानासारखी मऊ. मला त्या मऊपणाची भीती वाटते. तू विज्ञान शिकवलंस ना इतकी वर्षं? मग सांग.

जेसीबी संक्रांतीनंतर येणार आहे.

अंजू


बालाघाट
१४ डिसेंबर २०२४

प्रिय अंजू,

तारखेचं मी विसरले. माझ्यासारखी बावळट मीच. तुझं पत्र वाचल्यापासून मी घरात नुसत्या येरझारा घालते आहे. चहा ठेवते आणि उतू घालवते.

ते मऊ पातीचं वाचून मी धर्मेंद्रकडे गेले. माझा जुना विद्यार्थी, आता शेतकीच्या प्रयोगशाळेत मातीची तपासणी करतो. त्याला पाती दाखवायला नेली नव्हती, फक्त तुझी ओळ वाचून दाखवली. तो लगेच म्हणाला, "मॅडम, सिलिका."

वाळू ज्याची असते, काच ज्याची होते, ते. पाण्यात अगदी थोडं विरघळतं, आणि काही झाडं ते मुळांनी भरभरून पितात. धान पितो, आणि बांबू तर अधाशासारखा पितो. पाणी पानांतून उडून जातं, सिलिका मागे राहते. पातीच्या कडेला बारीक काचेचे दात तयार होतात, देठ ताठ होतो, किडीला चावायला जड जातं. कांडीत साठून घट्ट झाली की तोच आपला खडा, अंजू. वंशलोचन म्हणजे बांबूने जमिनीतून उपसून साठवलेली सिलिकाच. आपण ती कानाशी धरून वाजवत होतो.

पुढचं ऐक. बांबूचं पान गळतं, कुजतं, आणि ती सिलिका मातीत परत येते. दगडातून सुटायला तिला फार काळ लागतो, कुजलेल्या पानातून लवकर सुटते. बेट उतारावर वर, बांधी खाली. पाऊस ती खाली आणतो. शिवाय आई उन्हाळ्यात बांबूचा पाला खराट्याने ओढून बांधीत पसरायची. आपल्याला वाटायचं, झाडलोट करते.

आता खालचं बेट नाही. धानाची तणीस, सगळा पेंढा, शेतात राहत नाही, ट्रॅक्टर भरून बाहेर जाते. तूस राइस मिलवर राहतं. दर वर्षी थोडी थोडी सिलिका गावाबाहेर जाते आणि परत काही येत नाही. वर युरियाने झाड भराभर वाढतं, मग ते उभं कशावर राहणार? निलगिरीबद्दल धर्मेंद्र ठामपणे बोलत नाही, पण बांबूइतकी ती परत देत नाही एवढं म्हणतो.

पण हे सगळं तर्काचं. महेंद्रला आकडा लागेल. नेहमीच्या तपासणीत ही विरघळणारी सिलिका नसते, धर्मेंद्र माझ्यासाठी करून देतो आहे. तू दोन ठिकाणची माती पाठव, एक बेटाखालच्या बांधीतली, एक खालच्या बांधीतली. वेगवेगळ्या डब्यांत, झाकण घट्ट, वर नाव लिहून. कटंगीच्या बसमध्ये राजेंद्रभाऊ कंडक्टरकडे दे, मी स्टँडवर उभी राहीन.

महेंद्रला मी वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, आकडा येईपर्यंत थांब म्हणून. त्याचा एका ओळीचा निरोप आला: "आत्या, आकडा तुमच्या बाजूने आला तर मी ऐकतो, नाही आला तर तुम्ही ऐका." न्यायाचं बोलला.

तुझी
रचना


कटंगीजवळून
२० डिसेंबर २०२४

रचना,

माती पाठवते आहे. बेटाखालची बिस्किटाच्या डब्यात, खालच्या बांधीतली पत्र्याच्या गोल डब्यात. घरात दुसरा रिकामा डबा सापडेना. पौर्णिमाने खडूने नावं लिहिली. लवकर कळव. महेंद्र जेवतो आहे, पण बोलत नाही.

अंजू


बालाघाट
१८ जानेवारी २०२५

प्रिय अंजू,

आकडा आला आणि माझ्या विरुद्ध आला. थोडाथोडका नाही. खालच्या बांधीच्या मातीत सिलिका बेटाखालच्या मातीच्या कितीतरी पट जास्त निघाली. धर्मेंद्रने पुन्हा करून पाहिलं, तेच. तो म्हणाला, "मॅडम, इतकी सिलिका असलेल्या जमिनीतला धान लोळायला नको." मी म्हटलं, लोळतो आहे ना पण!

म्हणजे बेटाचा आणि धानाचा मी जोडलेला संबंध चुकीचा. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका खड्याच्या मायेने मी शास्त्र रचलं. मुलांना मी आयुष्यभर सांगितलं, आधी मोजा, मग बोला. स्वतः आधी बोलले.

महेंद्रला दिलेला शब्द पाळायला हवा. त्याला लिहून टाकलं आहे, तू तुझ्या मनाने कर. तुझ्यासमोर मला लाज वाटते आहे, अंजू. तू माझ्या भरवशावर होतीस. बसस्टँडवर बसून हे लिहिते आहे, घरात बसवेना. दोन्ही डबे रिकामे करून पाठवते.

रचना


कटंगीजवळून
२४ जानेवारी २०२५

रचना, रचना, रचना!

डबा! तो गोल पत्र्याचा डबा!

थांब, नीट सांगते. आज सकाळी जेसीबी धुऱ्यावर येऊन उभी राहिली. मी बघायला गेले नाही, मोरीवर भांडी घासत बसले. तू परत पाठवलेला डबा पौर्णिमाने पुन्हा चुलीपाशी ठेवला होता आणि त्यात राख भरली होती, कारण तो राखेचाच डबा आहे. आईच्या वेळचा. मिलमधून येणाऱ्या तुसाची राख आपण त्यातच ठेवतो, पितळेला तिच्यासारखी चमक कशाने येत नाही. मी राखेत हात घातला, आणि हात तिथेच थांबला. खालच्या बांधीची माती मी यात भरून पाठवली होती! राख फक्त झटकून काढली होती, तळाला आणि कडेला बोटभर थर होताच. तूस म्हणजे धानाचंच साल ना? मग तुझी सिलिका कुठे असणार?

मी तशीच उठून पळाले. हात कोपरापर्यंत राखेने भरलेले. जेसीबीवाला मला पाहून म्हणतो, "ताई, कोणाच्या मागे लागले? हात तर धुऊन या."

महेंद्रला धापा टाकत सांगितलं. त्याने माझे राखेचे हात पाहिले. मग म्हणाला, "म्हणजे आत्याने भांडी घासायची राख लॅबमध्ये तपासली?" आणि हसला. रचना, किती दिवसांनी हसला तो! धुऱ्यावर बसून हसला, अगदी सुखरामसारखा.

"आई, तू सायंसवाल्या आत्यालेच फेल केलं."

"मी नाही, तुझ्या आजीच्या डब्यानं."

मग तो गंभीर झाला. त्याने लगेच दोन नव्या पिशव्यांत माती भरली, स्वतःच्या हाताने. माझ्यावर आता त्याचा विश्वास नाही. ती माती या बसने येते आहे. आणि म्हणाला, "आकडा काही येऊ दे. मले आकडा नाही, धान उभा पाह्यजे. खालच्या बांधीत मधोमध धुरा घालतो. एका बाजूले राख अन् बांबूचा पाला, दुसऱ्या बाजूले काही नाही. राखेकडचा धान उभा राह्यला तर बेटाची जागा बेटालेच. लोळला तर पुढच्या साली मी कोणालेच विचारणार नाही. आत्यालेबी नाही."

मी हौ म्हटलं. तुझ्या वतीनेही म्हटलं.

जेसीबी रिकामी कशाला परत जाईल? महेंद्रने तिच्याकडून बेटाभोवती चर खोदून घेतला, गळलेल्या बियांवर ढोरं येऊ नयेत म्हणून. बेट काढायला आलेली मशीन बेटाची राखण करून गेली.

आता मला नवीनच घोर. राखेने काही नाही झालं तर?

अंजू


कटंगी
२० जुलै २०२५

आत्या,
जय भीम.

आई म्हणते, तूच लिही. मले लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या. दुसरी तपासणी मिळाली. खालच्या बांधीत सिलिका बेटाखालच्या मातीपेक्षा निम्म्याहून कमी. म्हणजे पहिल्यांदा तुम्ही बरोबर होत्या, डबा चूक होता.

मिलवाल्याने राख फुकटात दिली, वरून म्हणाला, "अजून ने, माझी जागा अडून राह्यली." पाला मी अन् पौर्णिमाने ओढला. युरिया कमी केला, दोन्ही बाजूले सारखाच, नाही तर तुमचे धर्मेंद्र सर म्हणतील परीक्षा खोटी. रोवणी झाली.

बेट पूर्ण वाळलं. बी इतकं गळलं की पाय ठेवला तर घसरतो. पाऊस पडल्यावर खाली गवतासारखं काही उगवलं. मी तण समजून मूठभर उपटलं. आईने मले काय काय म्हटलं ते पत्रात लिहिता येत नाही.

खरं सांगू? मले अजून विश्वास नाही. रोज सकाळी जाऊन दोन्ही बाजू पाहतो, सारख्याच दिसतात.

तुमचा
महेंद्र


कटंगीजवळून
२ नोव्हेंबर २०२५

रचना,

धान भरला होता, कापणीला मशीन सांगितली होती, आणि अवेळी पाऊस आला. वारा असा की घरावरची कवेलू उडाली. महेंद्र ओट्यावर बसून राहिला, शेतात जाईना. म्हणाला, "जाऊन काय पाहू?" मी आणि पौर्णिमा छत्री घेऊन गेलो.

बिनराखेची बाजू झोपली होती. सपाट, कोणी चटई अंथरल्यासारखी. राखेची बाजू उभी होती. सगळी नाही, खोटं लिहिणार नाही. पाणंदीकडचा कोपरा तिथेही वाकला होता. पण मधल्या धुऱ्यावर उभं राहिलं की एका हाताला पाणी दिसत होतं आणि दुसऱ्या हाताला लोंब्या.

पौर्णिमा आत शिरली, पाती चाचपून पाहायला. "आई गं!" म्हणून हात मागे घेतला. तळहातावर बारीक रेघ, रक्त आलेलं. मी तिचा हात धरला आणि तिथेच रडायला लागले. ती घाबरली, म्हणते, "आई, इतकं नाही लागलं."

महेंद्र नंतर आला. वाकून पाती ओढून पाहिली, बोट तोंडात घातलं. मग बेटाकडे गेला आणि चराच्या काठावर, वाळक्या बांबूंचंच कुंपण घालायला लागला. आत रोपं गुडघ्याएवढी आली आहेत.

पण तो मध्येच थांबून मला म्हणाला, "आई, आत्याने आपल्या अर्ध्या वाट्यावर सही करून दिली आहे. तो कागद माझ्यापाशी आहे. उद्या मीच बदललो तर? माझं पोरगं बदललं तर?" त्याच्या त्या बोलण्याने मला पुन्हा झोप नाही. तू काही तरी ठरव.

अंजू


बालाघाट
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अंजू,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी स्टँडवरच उघडलं. राजेंद्रभाऊंनी विचारलं, "ताई, काही वाईट बातमी?" मी म्हटलं, नाही, सुनेचा हात कापला.

आता बेट मोठं व्हायला जी वर्षं लागतील ती सगळी आपल्या वाट्याला नाहीत. ते पुन्हा फुलेल तेव्हा तर आपल्यातलं कोणीच नसेल. आज माझ्या मनाला जी घाई सुटली आहे ती म्हणूनच. महेंद्र स्वतःलाच घाबरतो आहे, म्हणजे पोरगा शहाणा आहे. त्याची भीती त्याच्या एकट्यावर ठेवायला नको. मी पटवाऱ्याकडे जाऊन आले. वर तारीख टाकली आहे, नीट बघ. तेव्हा हे सगळं माझ्या मनाप्रमाणेच आहे असं समजायचं.

बेटातली माझी अर्धी जागा पौर्णिमाच्या नावावर करायची. महेंद्रच्या नाही. तिच्या हाताला पाती लागली आहे, ती विसरणार नाही. कागद घेऊन मी पुढच्या आठवड्यात येते, तिने आधार कार्ड काढून ठेवावं.

माझा जुना संमतीचा कागद महेंद्रने स्वतः चुलीत घालावा. ती राख बांधीत टाकली तरी चालेल.

वाळलेले बांबू महेंद्रला, कुंपणाला लागतील तेवढे. उरलेले गावात ज्याला मांडवाला हवेत त्याला द्यावेत, पण पाला कोणालाही नेऊ देऊ नये. तो बांधीचा.

बियांमधलं एक पायलीभर बी धर्मेंद्रला, चाळून आणि कोऱ्या पिशवीत. एक ओंजळ त्या जेसीबीवाल्याला. त्याच्याही गावात उतार असेल.

कांड्या तोडताना प्रत्येक कानाशी धरून पाहा. वाजणारी निघाली तर ती माझी. न फोडता बसने पाठव, राजेंद्रभाऊंना सांग हलवू नका, पण ते हलवतीलच.

आणि आईचा गोल डबा तुझा. त्यात राखच ठेव, माती भरू नकोस.

तुझी
रचना